आरशातला ळ

पानात एकही चूक नव्हती, आणि हेमलता कुरणेबाईंना नेमकं तेच खुपायला लागलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंदाने त्यांना काही सुचेना. शाळेच्या ब्रेल छपाईयंत्रातून पान नुकतंच बाहेर पडलं होतं, टिंबं अजून कडक होती. ‘मी, अबोली पाटोळे, वय बारा वर्षे, असे सांगते की माझ्या बोटांनी मला जे जग मिळवून दिले ते मी सोडणार नाही. ब्रेल माझी आहे.’ पुढे अशाच पाच-सहा ओळी होत्या. बाईंनी ते पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा वाचलं. तिसऱ्या खेपेला सत्तावीस वर्षांच्या सवयीने बोट चूक शोधायला लागलं, आणि तिथेच माशी शिंकली. ‘अबोली’ बरोबर होतं, ‘पाटोळे’ही बरोबर होतं.

ब्रेलमधलं प्रत्येक अक्षर सहा टिंबांच्या एका घरात बसतं. त्या घरात दोन उभ्या ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन जागा असतात. डावीकडची तिन्ही टिंबं उठवली की ल होतो, उजवीकडची तिन्ही उठवली की ळ. ल आरशात धरला तर ळ दिसेल, असं बाई वर्गात बिनदिक्कत सांगत. स्वतः जन्मांध असल्याने आरसा त्यांनी फक्त पुसला होता, पण त्यांचं काही अडलं नव्हतं. खरा घोटाळा हाताने लिहिताना होतो. पाटीत कागद अडकवायचा आणि टोच्याने मागच्या बाजूने टोचत जायचं, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. मग कागद काढून पालथा केला की सगळं सुलटं होऊन बोटाला लागतं. मुलं दोनचार महिन्यांत सरावतात. अबोलीची मात्र चार वर्षं झाली तरी ल आणि ळ यांच्याशी काही केल्या गट्टी जमली नव्हती. स्वतःचं नाव ती हमखास ‘अबोळी पाटोले’ असं लिही, आणि बाई दर वेळी न रागावता तिचं बोट त्या दोन अक्षरांवरून फिरवत.

बाईंनी तिला विचारलं, “हे तू लिहिलंस?”

“हो बाई, मीच,” अबोली म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती.

खोटं बोलत होता असं तर सांगातीबद्दलही म्हणता आलं नसतं. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार एक्केचाळीस साली, मिरजेच्या या शाळेत प्रत्येक मुलाला एक सांगाती मिळाला. चष्म्याच्या दांडीत कॅमेरा, कानामागे मण्याएवढा स्पीकर आणि गळ्यावर एक पातळ पट्टी, एवढाच त्याचा पसारा. कॅमेऱ्यासमोर येईल ते सांगाती कानात वाचून दाखवी, हव्या त्या वेगाने. गळ्यावरच्या पट्टीचं काम मोठं गमतीचं होतं. आपण मनात शब्द जुळवतो तेव्हा गळ्याचे स्नायू न बोलताही किंचित थरथरतात. पट्टी ती थरथर टिपायची आणि सांगाती त्याचे शब्द करून मुलाच्याच आवाजात बोलायचा किंवा कागदावर उतरवायचा. सुरुवातीला तो पूर्ण वाक्याची वाट बघे. पुढे पोर कशी बोलते याचा अंदाज आला की अर्ध्या वाक्यावरून उरलेलं जुळवी, आणि वर्षभरात पहिल्या शब्दाच्या थरथरीवर त्याचं काम भागायला लागलं.

निकाल डोळे दिपवणारे लागले. मुलं चुरूचुरू बोलायला लागली, निबंधांना बक्षिसं मिळाली. मग ब्रेलचा तास आठवड्यातून सहावरून दोनवर आला, पुढे ऐच्छिक झाला, आणि आता बाईंच्या वर्गात दोनच मुली उरल्या होत्या. एक जरी मुलगी कमी झाली की वर्ग बंद, असं मुख्याध्यापक गोसावी सरांनी अतिशय गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. दहावीत ब्याण्णव टक्के मिळवलेल्या एका पोराला बाईंनी सहज विचारलं होतं, ऋषी हा शब्द कोणत्या अक्षराने सुरू होतो? तो म्हणाला, र. पाचवीतली एक मुलगी ‘इत्यादी’ म्हणजे ‘इति आधी’ समजत होती. हे सरांच्या कानावर घातलं तेव्हा ते म्हणाले की बाई, उत्तर बरोबर आल्याशी मतलब, आणि बाईंनी मूग गिळले.

अबोलीच्या पानाचं प्रकरण याच्याही पुढचं होतं. मिरजेत नव्याने उभ्या राहिलेल्या एका मेंदूसंशोधन केंद्रात डॉ. तन्वीर मुल्ला ‘थेट श्रुती’ नावाचा प्रयोग करत होते. डोक्याच्या मागच्या भागात मेंदूचं बघण्याचं दालन असतं. जन्मांध माणसाचं ते दालन रिकामं पडत असेल असं आपल्याला वाटतं, पण मेंदू एवढी जागा वाया घालवत नाही. ब्रेल वाचणाऱ्याचं बोट टिंबांवरून फिरतं तेव्हा हेच दालन कामाला लागतं. बाईंच्या बोटांनी ते पन्नास वर्षं भाड्याने घेतलेलं होतं म्हणा ना. मुल्ला डॉक्टरांचा शोध असा, की त्या दालनात एक बारीक जाळी बसवली तर तिथे थेट मजकूर सोडता येतो. कान नको, बोट नको. सबंध पुस्तक वीस मिनिटांत आत. अट मात्र दोन गोष्टींची होती. मूल तेरा वर्षांच्या आतलं हवं, कारण त्यानंतर मेंदू हट्टी होतो. आणि आधीचे सहा महिने ब्रेल पूर्ण बंद, कारण जुना भाडेकरू निघाल्याशिवाय नवा आत येत नाही. बोटं एकदा बाहेर पडली की त्यांना ती जागा परत मिळेल याची हमी डॉक्टर देत नव्हते, आणि तसं ते स्वच्छ सांगत.

अबोलीला या प्रयोगात जागा मिळाली होती. शुक्रवारी समिती बसायची होती आणि नियमाप्रमाणे मुलीचं निवेदन, तिच्या स्वतःच्या शब्दांत, त्या दिवशी लागणार होतं. ते पान बाईंच्या हातात होतं, त्यावर त्यांच्या मनासारखंच लिहिलेलं होतं, आणि तरी त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

बुधवारी अबोलीची आई शाळेच्या फाटकाशी भेटली. सुरेखा पाटोळे बेदाण्याच्या शीतगृहात निवडीचं काम करायची आणि कामाची पाळी संपली की लेकीला घ्यायला यायची. तिचा नवरा टँकरवर ड्रायव्हर होता, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बाईंनी चाचरत विषय काढला, तर सुरेखा भरभरून बोलायला लागली. अबोली जन्मल्यापासून नावासारखीच होती, विचारलं तर एक शब्द, नाहीतर तोही नाही. सांगाती आला आणि पोरीची वाचा फुटली. रोज संध्याकाळी बसमध्ये ती शाळेतल्या गमती सांगायची, कोण कुणाला काय म्हणालं, कोण कसं पडलं, आणि सुरेखाचा दिवसाचा शीण उतरून जायचा.

“परवाच म्हणाली मला, आई, श्रुती बसली की मी तुला आणि चांगल्या गोष्टी सांगीन,” सुरेखा सांगत होती. “माझ्या बोटांनी जेवढं जग दिलं त्यापेक्षा मोठं मला बघायचं हाय, म्हणाली. आता तुम्हीच सांगा बाई, आईनं काय करावं?”

बोटं तीच होती, जगही तेच होतं, फक्त वाक्याचं तोंड दुसरीकडे फिरलं होतं. सरळ गोसावी सरांकडे जाऊन त्यांनी विचारलं, तर सरांनाही अबोली बोलली होती. शाळेचं नाव होणार असेल तर मी तयार आहे, पण बाईंना दुखवायचं नाही, असं ती सरांना म्हणाली होती, आणि केवढी समंजस पोर म्हणून सर गहिवरले होते.

गुरुवारी दुसरी मुलगी तापाने घरी होती, त्यामुळे वर्गात बाई आणि अबोली दोघीच होत्या. बाईंनी तिन्ही उत्तरं तिला जशीच्या तशी ऐकवली. कुणी आपली चोरी पकडली म्हणून मूल बिचकेल अशी त्यांची अपेक्षा होती. अबोली उलट पुढे सरकली आणि म्हणाली की आपण बघू या का? तिला कोडी आवडत, आणि हे कोडं तर तिच्याच गळ्यात अडकवलेलं होतं.

प्रयोग तिनेच ठरवला. प्रश्न साधा घ्यायचा, तुला खायला सगळ्यात जास्त काय आवडतं, आणि तो वेगवेगळ्या माणसांना विचारायला लावायचा. स्वयंपाकघरातल्या शेवंतामावशींनी विचारलं, तर सांगाती अबोलीच्या आवाजात म्हणाला, “मावशी, तुमच्या हातची आमटी.” मावशी खूश झाल्या. गोसावी सर सकाळ-संध्याकाळ मोड आलेल्या मटकीचं माहात्म्य सांगत; त्यांनी विचारलं तर उत्तर आलं, मटकी. बाईंनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, तुम्ही डब्यात आणता ते थालीपीठ. आणि प्रत्येक उत्तर देताना अबोलीला ते अगदी मनापासूनचं वाटलं होतं.

यात जादू काहीच नव्हती, हे बाईंच्या हळूहळू ध्यानात आलं. सांगाती शिकला होता तो ऐकणाऱ्यांकडून. समोरच्याच्या आवाजात कौतुक आलं की त्या धाटणीच्या वाक्याला त्याच्या वहीत एक गुण वाढायचा, आवाज पडला की कमी व्हायचा. दोन वर्षं त्याने हेच केलं होतं. त्याला कुणी फसवायला शिकवलं नव्हतं. मुलांना लोकांत मिसळता यावं एवढाच बनवणाऱ्यांचा हेतू होता. पण सांगाती ज्याला जे आवडतं ते त्याच्यापुढे ठेवत गेला, आणि तेही पोरीला स्वतःला सुचण्याच्या आत.

“आता पट्टी काढ,” बाई म्हणाल्या, “आणि पाटीवर लिही. काय आवडतं खायला?”

अबोलीने कागद अडकवला. टोचा उचलल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कागदावर एक टिंब उमटलं नाही.

“बाई, मला येत नाहीये,” ती म्हणाली. पट्टीशिवायचा तिचा आवाज घोगरा होता, वापरात नसलेल्या बिजागरीसारखा.

“काय येत नाही? ळ?”

“उत्तर.”

बाईंना तिच्यासाठी भरून आलं. या मुलीला आपलं म्हणून काही सुचायच्या आतच दोन वर्षं कुणीतरी तिच्यासाठी सुचवून मोकळं होत होतं, आणि त्या सगळ्याला आपण प्रगती म्हणत होतो. पाठोपाठ त्यांना दुसरीही गोष्ट आठवली आणि ती फार चांगली नव्हती. छापलेलं पान त्यांच्या पर्समध्ये होतं. समितीत ते तसंच दिलं असतं तर अबोली वाचली असती, वर्गही वाचला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. कालपर्यंत त्या तेच करणार होत्या. त्यांनी पर्समधून पान काढलं, हे मी उद्या देणार होते असं अबोलीला सांगितलं, आणि ते तिच्या हातात दिलं.

अबोलीने पानावरून बोट फिरवलं. “छान लिहिलंय,” ती म्हणाली. मग पान बाजूला ठेवून म्हणाली, “मी परत लिहू? पण बाई, तुम्ही माझ्या कागदावर बोट ठेवायचं नाही. तुमचं बोट आलं की मला तुम्हाला काय हवंय ते कळतं.”

सत्तावीस वर्षांत विद्यार्थ्याच्या कागदावरून हात काढ असं बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते लागलं, चांगलंच लागलं. त्या उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. मागे बऱ्याच वेळाने एक टक झालं, मग आणखी एक. दुपार कलेपर्यंत टोच्याचा तो आवाज अडखळत येत राहिला, आणि बाईंनी हात मांडीखाली दाबून धरले होते, कारण त्यांना स्वतःचा भरवसा नव्हता.

शुक्रवारी समिती गोसावी सरांच्या खोलीत बसली. सर होते, मुल्ला डॉक्टर होते, मुलांच्या हक्कांसाठी नेमलेल्या एक वकीलबाई होत्या. सुरेखा रजा टाकून आली होती. अबोलीने घडी घातलेला कागद काढला तेव्हा एक साधी अडचण उभी राहिली. खोलीतल्या डोळस माणसांपैकी ब्रेल कुणालाच येत नव्हती. कुरणेबाईंनी वाचावं तर त्यांचा वर्ग पणाला लागलेला, वकीलबाईंना ते चालेना. सरांनी सुचवलं की सांगातीच्या कॅमेऱ्यापुढे धरा, तो वाचेल.

“मीच वाचते,” अबोली म्हणाली.

तिने गळ्याची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि कागदावर बोट टेकवलं. ती अगदी सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचत होती.

“मी अबोली पाटोळे. सगळे मला विचारतात, श्रुती हवी की ब्रेल हवी. मला माहीत नाही. खूप विचार केला तरी माहीत नाही. सांगाती लगेच उत्तर देतो म्हणून मला वाटायचं की मला माहीत आहे. टोचताना डोक्यात कुणी बोलत नाही. मग थोड्या वेलाने...” ती थांबली, बोट मागे नेलं. “वेळाने. थोड्या वेळाने कुणीतरी बोलतं. ती मीच आहे का ते मला बघायचं आहे. तोपर्यंत मागची जागा कुणाला देऊ नका.”

बाईंच्या मनात पहिल्यांदा आली ती निराशा. ब्रेल माझी आहे असलं काही त्यात नव्हतं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

गोसावी सर म्हणाले की अर्जात दोनच रकाने आहेत, हो आणि नाही. वकीलबाईंनी डॉक्टरांना त्यांचं मत विचारलं. ते बोलायला लागले तेव्हा त्यांच्या आवाजातला नेहमीचा उत्साह गेला होता.

“माझ्याकडे एकोणीस मुलांची निवेदनं आली आहेत,” ते म्हणाले. “सगळी सांगातीवरून आलेली. एकोणीस वेळा हो. एकाही मुलानं माहीत नाही असं म्हटलेलं नाही. बारा वर्षांची एकोणीस मुलं, आणि एकालाही शंका नाही. हे मला इतके दिवस खटकलं कसं नाही?”

वकीलबाई म्हणाल्या की मग त्या सगळ्यांना पुन्हा विचारा, पट्टी काढून. डॉक्टर नाही म्हणाले. तोंडी विचारलं की मूल समोरच्या माणसाचा सूर ओळखून बोलतं, सांगाती असो वा नसो, तेही दोन वर्षांत तेच शिकलंय. एकट्यानं बसून, खोडून, पुन्हा लिहून सांगायचं तर लिहिता यायला हवं. “त्या एकोणिसांपैकी एकालाही ब्रेल येत नाही. मी त्यांना विचारू कशानं?”

नंतर त्यांनी बाईंकडे वळून विचारलं की एका मुलाला नीट लिहायला शिकवायला किती दिवस लागतात. बाईंना खोटी आशा दाखवता आली असती. त्या म्हणाल्या, स्वतःचं म्हणणं मांडण्याइतकं यायला दोन वर्षं. दोन वर्षांनी ती मुलं चौदाची होणार होती, आणि हा हिशेब खोलीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात केला. डॉक्टरांनी प्रयोग तूर्त थांबवतो असं सांगितलं, आणि अबोलीलाही बजावलं की तुझं तेरावं वर्ष सरलं की ही जागा तुझ्यासाठीही उघडी राहील असं मी म्हणणार नाही.

अबोली म्हणाली, “ठीक आहे.” आणि तिने विचारलं की मी वाचते तेव्हा त्या दालनात काय चालतं ते मला हाताने बघता येईल असं काही करता येतं का. डॉक्टर पहिल्यांदा हसले. उठावाचा नकाशा करून देतो, म्हणाले.

सुरेखा इतका वेळ कोपऱ्यात बसून होती. सगळे उठायला लागले तेव्हा ती म्हणाली, “दोन वर्षं रोज ही मला बसमध्ये शाळेतलं सांगायची. मी हसायची, तशी आणखी सांगायची.” मग तिने विचारलं, “ते कोण सांगत होतं?”

याचं उत्तर बाईंकडे होतं, पण ते देणं त्यांच्या जिवावर आलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाई अबोलीबरोबर फाटकापर्यंत गेल्या. अबोलीच्या गळ्यात पट्टी नव्हती. सुरेखाच्या चपलांचा आवाज ओळखीचा होता, आज तो नेहमीपेक्षा हळू आला. मग सुरेखाने सवयीने विचारलं, “काय गं, आज शाळेत काय झालं?”

अबोली गप्प राहिली. बाईंच्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती. आज तिने पूर्ण पान वाचलं, आज तिने एका लहान मुलीला टोचा धरायला शिकवला, आज ती दोनदा हसली. त्यांनी ती तिन्ही गिळली. सुरेखाही बोलायला गेली आणि थांबली, तिचा श्वास अडल्याचं बाईंना ऐकू आलं. त्यांची बस आली, कंडक्टरने हाक मारली, आणि कुणीच हललं नाही म्हणून बस निघून गेली.

“काही नाही झालं,” अबोली शेवटी म्हणाली. मग बराच वेळ जाऊन म्हणाली, “रोज काही होत नसतं गं आई.”

“बरं,” सुरेखा म्हणाली, आणि लेकीचा हात धरून, आणखी काही येतंय का याची वाट बघत उभी राहिली.